गिळलेल्या हाका

रोहा, बुधवार, ७ जानेवारी २०२६

आज सकाळच्या गाडीने पेणहून निघून रोह्यास सुखरूप पोहोचलो. चित्त प्रसन्न आहे. गडबच्या बाजूची शेते कापून मोकळी झाली असून त्यांत बगळे गणवेशातील विद्यार्थ्यांप्रमाणे उभे होते. स्थानकावर पाखरबागेचे व्यवस्थापक दिनेश मोटारसायकल घेऊन आले होते. वाटेत ते सारखे मागे वळून बोलत होते, ते मला रुचले नाही. परंतु माणूस आदबशीर आहे. मला 'काका' म्हणतात.

माझे नाव हैबतराव. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु ती चौथी त्या काळची. पेणच्या रामवाडीत मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक मला कोणी दाखवू शकलेला नाही. फ्लेक्स आल्यापासून हाताला काम नव्हते. घरी नातू निम्मे इंग्रजी, निम्मे हिंदी बोलतो आणि मी चूक सुधारली की "आजोबा, चिल" म्हणतो. अशा वेळी हे बोलावणे आले, हे माझे भाग्य.

कुंडलिकेच्या काठी एका ठाणेकर गृहस्थांनी ही बाग राखली आहे. पिंजरा एकही नाही. पक्षी आपखुशीने येतात. शनिवारी-रविवारी शहरातील मंडळी पाहावयास येतात. प्रत्येक पक्ष्याच्या आवडत्या झाडाखाली एक लाकडी पाटी लावायची. तिच्यावर पक्ष्याचे नाव आणि नावाखाली त्याची हाक शुद्ध मराठी अक्षरांत लिहायची, असे माझे काम. दिनेश म्हणाले, "काका, पाटी वाचली की पाखरू ऐकू आलं पाहिजे, बास." मी त्यांना सांगितले की ऐकू येईल.

खोली नदीच्या बाजूस असून हवेशीर आहे. ओसरीवर विष्ठेचे पांढरे ओघळ वाळलेले होते. ते पाहून घास उतरेना, म्हणून मी स्वतः घासून काढले. स्वयंपाक येसूबाई करतात. त्या नदीपलीकडच्या वाडीवरच्या. त्यांनी कालवणाची चव डावानेच घेतली आणि तोच डाव पुन्हा पातेल्यात बुडवला. मी नम्रपणे परंतु स्पष्ट सांगितले की मी कोणाचे उष्टे खात नाही आणि माझे कोणास देत नाही. ताट, तांब्या आणि फुलपात्र मी घरून आणले आहे. त्या म्हणाल्या, "बरं आबा. तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला." एवढे सोडल्यास सर्व उत्तम आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी

कामास प्रारंभ केला. दिनेश यांच्या मोबाइलमध्ये पक्ष्यांच्या हाका साठवलेल्या आहेत. त्या ऐकून लिहाव्यात, असे त्यांनी सुचविले. मी नकार दिला. ज्या दुकानाची पाटी, त्या दुकानदाराच्या तोंडून मी नाव ऐकत असे, स्वतः उच्चारत असे, आणि तो 'बरोबर' म्हणाला की मगच कुंचला उचलत असे. पक्ष्यासही तोच नियम. हाक आधी माझ्या तोंडात बसली पाहिजे. मी हाक द्यावी, पक्ष्याने उत्तर द्यावे. ते उत्तर म्हणजे त्याची पसंती.

तांबट पिंपळावर होता. लोक सरसकट 'टुक टुक' लिहितात. ते अपुरे आहे. तो आवाज मिटलेल्या चोचीच्या आत, घशाच्या पोकळीत, घणासारखा पडतो. मी बराच वेळ घसा फुगवून प्रयत्न केला. शेवटी 'टोंक्, टोंक्, टोंक्' असे साधले आणि पिंपळावरून तत्काळ उत्तर आले. मोबाइलला तो आजवर कधी बधला नाही, असे दिनेश म्हणाले.

येसूबाई जवळच भांडी घासत होत्या. हातातले टाकून त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "थुका, आबा." मला ती थट्टा वाटली. तशी नव्हती. त्यांच्या वाडीवरचे लोक पाखराला जवळ बोलावण्यासाठी त्याची हाक काढतात आणि काम झाले की जमिनीवर थुंकतात. त्यांच्या शब्दांत, "हाक पाखराची असते. थुकून टाकली की त्याची त्याला जाते. गिळली तर आत घर करते."

थुंकण्याइतकी ओंगळ क्रिया मला दुसरी ठाऊक नाही. पेणच्या बाजारात भिंतींवरचे लाल फराटे टाळण्यासाठी मी रस्ता बदलत असे. मी जन्मात उघड्यावर थुंकलो नाही आणि थुंकणार नाही, असे सांगून मी तोंड मिटले व आवंढा गिळला. त्या काही वेळ माझ्या गळ्याकडे पाहत राहिल्या.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

भारद्वाज, टिटवी, होला आणि कुटुर्गा यांच्या पाट्या पूर्ण झाल्या. टिटवीने फार छळले. तिची हाक वाक्यासारखी आहे, मध्येच तोडून चालत नाही. तरीही तिने मान्यता दिली. भारद्वाजाची 'ऊप्, ऊप्, ऊप्' छातीतून येते. ती देताना माझ्या बरगड्या दुखल्या.

येसूबाईंच्या नातीविषयी लिहावयाचे राहिले. नाव भूमिका, वय चार होत आले आहे. तिचे आईवडील वीटभट्टीवर गेले असून ती आजीजवळ असते. ही मुलगी अद्याप एक शब्दही बोललेली नाही. कानाने ऐकते, सांगितलेले समजते. डॉक्टरांनी तपासून दोष नाही असे सांगितले. जूनमध्ये तिला शाळेत घालावयाचे आहे. येसूबाईंना एकच धास्ती आहे : "मुकी म्हणून एकदा नाव पडलं ना आबा, मग पोर बोलली तरी लोक मुकीच म्हणतात."

आज दिनेश यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सवयीने "गोड बोल हां" म्हणाले. म्हटल्यावर ते स्वतःच ओशाळले. येसूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या.

त्यांचा उपाय मला पाहवत नाही. पोपटाने टोचलेला पेरू खाल्ला की मूल बोलू लागते, अशी समजूत. रोज सकाळी त्या झाडाखालून असे पेरू वेचतात. टोचलेल्या जागी गर काळा पडलेला, पक्ष्याची लाळ वाळून चकचकणारी, आत मुंग्या. ते त्या मुलीस भरवतात आणि तिच्या तोंडाकडे आशेने पाहतात. परंतु एक गोष्ट नमूद करतो. आज मी भारद्वाजाची हाक दिली तेव्हा मुलीने खाणे थांबवले आणि तिचे ओठ माझ्यासारखे गोल झाले.

शनिवार, १७ जानेवारी

पाहुणे आले होते. पाट्यांचे फोटो काढून घेतले. परंतु दिनेश दुपारी चेहरा पाडून आले. म्हणाले, "काका, पाट्या झकास. पण पाखरं संपावर गेलीत का काय?"

मी फिरून पाहिले. ज्यांच्या पाट्या झाल्या ते पक्षी आपापल्या झाडांवर आहेत. तांबट बसला आहे, त्याचा गळा फुगतो, डोके हलते, आवाज नाही. टिटवी नदीच्या पात्रात धावते, चोच उघडते, मिटते. मी तांबटाची हाक दिली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. उत्तर दिले नाही.

हवामानाचा परिणाम असावा. माझ्या घशात सुपारी अडकल्यासारखे वाटते. येसूबाईंनी पुन्हा जमिनीकडे बोट केले. मी दुर्लक्ष केले.

सोमवार, १९ जानेवारी

येसूबाईंनी आज जी विनंती केली ती लिहितानाही अंगावर शहारा येतो. त्या म्हणाल्या, "राघूचा उष्टा हिला लागला नाय. तुमच्या तोंडात तर सगळी पाखरं हायेत आणि बोलणं बी कसं, पुस्तकागत. तुमचा उष्टा घास द्या हिला. एकच." मी ताट घेऊन उठलो आणि आत येऊन कडी लावली.

नंतर विचार केला. माझा नातू माझे एक वाक्य पुरते ऐकून घेत नाही. माझी वाणी माझ्यासोबत सरणावर जाणार. ही मुलगी कोरी पाटी आहे. तिच्यावर अद्याप कोणीही अशुद्ध काही लिहिलेले नाही. तिला पहिले शब्द माझ्या मुखातून मिळाले तर तिला मुकी तर कोणी म्हणणार नाहीच, उलट रोह्यात तिच्यासारखे कोणी बोलणार नाही. किळस हा शरीराचा भाग आहे, तो थोपवता येतो. मी होकार कळविला. येसूबाई पाया पडू लागल्या. मी मागे सरलो.

मंगळवार, २० जानेवारी

स्वच्छ पेरू घेतला, धुतला, एक तुकडा चावून तोंडात धरला आणि मनात नव्हे, तर ओठांनी शब्द म्हटला : पाणी. अंत्य स्वर दीर्घ. मग तो तुकडा तिच्या हातावर ठेवला. माझ्या लाळेचा धागा लांबला आणि तुटला. मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ती म्हणत होती, "पाणी." दीर्घ स्वरासह.

येसूबाई मटकन खाली बसल्या. हसत होत्या आणि पदराने नाक पुसत होत्या. दिनेश धावत आले. त्यांनी मोबाइल काढला आणि मुलीने त्यांच्यासाठी पुन्हा म्हटले. माझ्या आयुष्यात इतका समाधानाचा दिवस आलेला नाही.

जेवताना येसूबाईंकडे पाणी मागावयास तोंड उघडले, तर आतून 'टोंक्' असा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. 'टोंक्, टोंक्.' शेवटी तांब्याकडे बोट दाखविले. घसा बसला असावा.

शुक्रवार, २३ जानेवारी

मुलगी आता वाक्ये बोलते. रोज घास देतो, घासासोबत शब्द देतो. काल मोहाने माझे नावही दिले. तिने मला नावाने हाक मारावी असे वाटले.

आज दिलेल्या शब्दांची यादी लिहिण्यास बसलो. पहिला शब्द कोणता होता? ते, जे तांब्यात असते. जे नदीतून वाहते. मला ते दिसते आहे. अक्षर उतरत नाही. प्रथम जिभेवरून गेला, आता हातातूनही गेला आहे.

दुसरा शब्द जन्म देणारीचा होता. तोही नाही.

जे दिले ते माझ्यापाशी राहिलेले नाही. बोलावयास गेलो की त्या रिकाम्या जागी पक्षी बोलतो.

हे इथेच थांबवले पाहिजे. मुलगी बोलू लागली, काम झाले. उद्यापासून घास नाही.

सोमवार, २६ जानेवारी

बागेत झेंडावंदन झाले. पाहुण्यांसमोर मुलीस उभे केले. तिने सर्वांस हात जोडले आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माझे नाव," आणि पुढे एक नाव सांगितले. लोक हसले, टाळ्या वाजल्या आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले. त्यावरून ते नाव माझे असावे असे समजतो.

नंतर ती आजीस म्हणाली, "येसूबाई, हात स्वच्छ धुवावेत. आपल्या नखांत घाण आहे. मला आपल्या हातचे खाववत नाही." तो स्वर माझा. भुवया उंचावण्याची ढबही माझी. येसूबाईंचे तोंड उतरले. "मला असं नको होतं बोलाया," एवढेच म्हणाल्या.

शनिवारपासून घास दिला नव्हता. म्हणून तिने शनिवारपासून काही खाल्लेले नाही. ताट समोर असते, ती तोंड उघडून माझ्याकडे मान वर करते. तोंडाची आतली बाजू लाल, ओली, थरथरणारी. आज दुपारी मला ते पाहवेना आणि मी भात चावून—

तिने हातावर घेतला नाही. ओठांवरून घेतला.

बुधवार, २८ जानेवारी

गळ्याच्या खालच्या बाजूस सूज आहे. हाताने चाचपली. मऊ पिशवी आहे. जेवलेले पोटात जात नाही, तिथे थांबते, कोमट होते, आंबते. मुलगी जवळ आली आणि माझ्या हनुवटीस टोचल्यासारखे बोट लावले की ते सर्व वर येते. पांढरे, दह्यासारखे, आंबूस वासाचे. मला आवरता येत नाही. ती डोळे मिटून गिळते. प्रत्येक घोटासोबत काही जाते. मी मोजत नाही. जे गेले ते काय होते हेच कळत नाही, तर मोजणार काय?

आज पेरूत अळी होती. फेकली नाही.

जिभेवर ती वळवळली. गोड होती. हे मी लिहिले आहे. मी, ज्याने उष्ट्या डावासाठी—

शुक्रवार, ३० जानेवारी

येसूबाई रडत आल्या. "थुका आबा. आता तरी थुका. ज्यांचं त्यांना जाऊ द्या, मंग तुमचं तुमच्याकडं येईल."

गेलो. पिंपळाखाली, माझ्याच पाटीसमोर, वाकलो. थुंकायचे कसे? लाळ नाही. तोंड हाडासारखे कोरडे. जीभ टोकाशी कडक झाली आहे. पोट आवळले, घसा आवळला. शेवटी एक गोळी पडली. राखाडी, बोटाएवढी. काडीने उकलली. केस. भुंग्याच्या पाठीची टरफले. बिया. मी हे कधी खाल्ले?

वर तांबट होता. गळा फुगला. आवाज नाही.

येसूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

मग मुलगी आली. गोळीकडे पाहून शांतपणे म्हणाली, "उघड्यावर थुंकणे ही ओंगळ क्रिया आहे."

रविवार, १ फेब्रुवारी

येसूबाई तिला पहिल्या एसटीने भट्टीवर घेऊन गेल्या. तिच्या— जिने तिला जन्म दिला तिच्याकडे. बरे झाले.

दिनेश जवळ येत नाहीत. लांबून ताट ठेवले, म्हणाले, "काका, तुमच्या घरी फोन करू का?" मी हो म्हटले. टिटवी ओरडली. दिनेश मागे सरले. नदीत टिटवी नव्हती.

पिशवी भरली आहे. दुखते. कोणी घेत नाही. मी ओसरीवर विष्ठा केली. पांढरा ओघळ. उभ्यानेच. लाज हा शब्द अजून आहे. तो तरी दिला नव्हता.

सोमवार, २ फेब्रुवारी

दोघी परत आल्या. जन्म देणारीने तिला कडेवर घेतले तर म्हणाली, "आपण कोण? आपली ओळख झालेली नाही." ती बाई म्हणाली, "हा कुणाचा म्हातारा उचलून आणला गो, आये?" आणि खाली ठेवले.

येसूबाईंनी सांगितले. भिंतीला टेकून. रडल्या नाहीत. "मला माझी मुकी परत द्या."

मुलगी माझ्याकडे चालत आली. तोंड उघडे.

पिशवी आपोआप— मी मान खाली— नको म्हणायचे होते. नको हाही—

मंगळवार, ३

सकाळ. ऊन. लेखणी आहे. आत काही नाही.

ती समोर बसली आहे. बोलते. ती "सकाळ" म्हणाली, मग मी लिहिले. ती "ऊन" म्हणाली, मग मी लिहिले. मी ऐकतो आणि हात चालतो. शुद्ध आहे. एकही चूक नाही.

येसूबाई उंबऱ्यात आहेत, असे ती म्हणते. त्या तिला भूमिका म्हणून हाक मारतात, ती वळत नाही, असे ती म्हणते. पिंपळावर आवाज फुटला आहे, असेही म्हणते. टोंक्. तो पिंपळावरून नाही. माझ्यातून आहे.

ती बोलते तोवर अक्षर आहे.

ती हसते. तिला भूक नाही. ती म्हणते, आता मी गप्प बस